वरून येणारा वार

शेंडे गुरुजींना कराट्याची हौस होती असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. वय सत्तेचाळीस, पोट पट्ट्याच्या चार बोटं पुढे, आणि मैदानावरची आजवरची मोठी कामगिरी म्हणजे केंद्राच्या कबड्डीत दोनदा शिट्टी वाजवलेली. पण २००४ साली तालुक्याहून पत्र आलं की प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाने मूल या तालुक्याच्या गावी येऊन दहा दिवस स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण घ्यावं आणि मग ते आपल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, शिकवावं. गुरुजींच्या कोसंबटोल्याच्या शाळेत शिक्षक तीन. हेडमास्तरांचे गुडघे उठता-बसता वाजत, दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. घोंगडं गुरुजींच्या गळ्यात पडलं.

गुरुजींची एक खोड होती. काम अंगावर येईपर्यंत ते टाळण्यासाठी जंग जंग पछाडत, पण एकदा आलं की चोख करत. मूलला शिकवायला चंद्रपूरहून अजय नावाचा पंचविशीचा पोरगा आला होता. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. त्याने वीस मास्तर रांगेत उभे केले आणि वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून एकेकाच्या कपाळावर हाणायला सुरुवात केली. शेंडे गुरुजींना पहिल्या दिवशी अकरा सुरळ्या बसल्या. बाकीचे मास्तर हसून सोडून देत, चहाला पळत. गुरुजी मात्र धर्मशाळेच्या आरशासमोर उभे राहून हात वर-खाली करत राहिले, आणि दहाव्या दिवशी अजयच्या सुरळीला त्यांच्या कपाळाचा पत्ता सापडेना.

शिकवलेलं तसं एकच होतं. वरून डोक्यावर वार आला तर एक पाय मागे टाकायचा, गुडघा वाकवायचा, एक मूठ कमरेशी ओढायची आणि दुसरा हात पोटासमोरून वर न्यायचा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कपाळापुढे तिरपा यायला हवा, मूठ कोपरापेक्षा वर, कपाळ आणि हात यांच्यामध्ये एका मुठीचं अंतर. शेवटच्या क्षणी मनगट फिरवायचं, म्हणजे वार हाडावर आदळत नाही, कौलावरून पाणी जावं तसा घसरून बाजूला जातो. निरोपाच्या दिवशी अजय म्हणाला, "गुरुजी, दहा गोष्टी शिकवू नका. ही एक शिकवा. आणि वार तुम्ही स्वतः करा. पोरांचा वार पोरं अडवतातच, त्यांना मोठ्या माणसाचा वार अडवता आला पाहिजे." पत्रातही तेच होतं. सप्टेंबरात मूलच्या मैदानावर प्रात्यक्षिक, वार करणार प्रशिक्षित शिक्षक.

गुरुजी गावी परतले तेव्हा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात होता. सहावी-सातवीच्या अर्ध्या मुली आयांबरोबर भाताच्या बांधीत वाकलेल्या. रोवणा आटोपला, पटावरची एकतीसही डोकी हजर झाली, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना शाळेपुढच्या मैदानात उभं केलं आणि आकडे मोजायला सुरुवात केली. एकला मूठ कमरेला, दोनला पाय मागे, तीनला हात वर. दोन दिवस कोपरं लोंबत होती. मुठी नाकापुढे येऊन थांबत होत्या. तिसऱ्या दिवशी जमायला लागलं, आणि एका गोष्टीने तर गुरुजी चाटच पडले. मूलमध्ये मास्तर लोकांचा मागे जाणारा पाय अडखळत होता, दोघे तर चक्क पाठीवर आपटले होते. इथे मुलींचा पाय न बघता, न अडखळता, गुडघा वाकवून बरोबर जागेवर पडत होता.

"यात काय आहे जी नवल," खिचडीच्या चुलीपाशी बसलेली ताराबाई म्हणाली. शाळेचा स्वयंपाक तीच करायची. "चिखलात म्हैनाभर मांगं मांगं चालूनच त धान रोवला पोरीईनं. पुढं चालाले सांगान त पडतीन."

गुरुजी खूश झाले. मुलांच्या जोड्या लावल्या. स्वप्निलने पळसाच्या काडीने वार केला, आचलने अडवला. डिंपलने केला, पिंटूने अडवला. सगळ्यांत सफाई होती दिव्यानीच्या हातात. डोमा ढिवराची ही मुलगी सातवीत होती. बाप गावतलावात जाळं फेकायचा आणि ती बरोबर जायची. जाळं फेकताना कमरेतून फिरावं लागतं, ते तिच्या अंगात बसलेलं होतं. तिचा हात वर जायचा तेव्हा सगळं अंग त्याच्यामागे यायचं. ही पोरगी मूलमध्ये शाळेचं नाव काढणार, हे गुरुजींनी मनात पक्कं केलं आणि घरी बायकोलाही सांगून टाकलं.

मग पाचव्या दिवशी ते स्वतः वार करायला उभे राहिले. हातात त्यांची नेहमीची छडी.

या छडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण गुरुजींना तिचा अभिमान होता. ते रागाने कधी मारत नसत. दारू पिऊन येणारे, पोरांच्या कानशिलात देणारे, केस उपटणारे मास्तर त्यांनी पाहिले होते आणि त्यांचा त्यांना तिटकारा होता. त्यांचं सगळं नियमाने. गणित चुकलं, एक. घरचा अभ्यास नाही, दोन. तळहात सरळ पुढे करायचा, बोटं जुळवून. आणि हात मागे घेतला किंवा चुकवला, तर दोन जास्त. स्वतःच्या मुलीलाही यात सूट मिळाली नव्हती. गावात त्यांना मान होता तो या चोखपणामुळेच. पोरगं शाळेत घालताना बाप म्हणत, हाडं आमची, मांस तुमचं. चोवीस वर्षांत शाळेच्या पायरीवर भांडायला एकही आईबाप आला नव्हता, आणि गुरुजी हे पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगत.

तर त्यांनी दिव्यानीला पुढे बोलावलं आणि छडी उगारली. दिव्यानीने उजवा तळहात पुढे केला. सरळ, बोटं जुळवून.

"अवं, हात वर," गुरुजी म्हणाले.

तिने तळहात खांद्याएवढा वर केला.

कोणी हसलं नाही, कारण कोणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. गुरुजींनी आचलला बोलावलं. तळहात. डिंपलला बोलावलं. तळहात. स्वप्निल हा वर्गातला सगळ्यांत वांड, तो तर छडी उगारण्याआधीच हात पुढे करून उभा. एकतीसच्या एकतीस झाले. गुरुजींच्या नाकी नऊ आले.

"मी डोक्यावर मारून राह्यलो, आन् तुमी हात काऊन पुढं करता?"

मग दिव्यानीच म्हणाली, "तुमी मारता त घ्याच लागते नं जी."

त्या दिवशी गुरुजींना याचा राग आला, वाईट वाटलं नाही. हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यांना वाटलं, पोरं मठ्ठ आहेत, समजावून सांगितलं की होईल. त्यांनी समजावलं. ही शिक्षा नव्हे, हा सराव. पोरांनी माना डोलावल्या. छडी उगारली की पुन्हा तळहात. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांनी छडी बाजूला ठेवून इतर शस्त्रं काढली. फूटपट्टी घेतली, तरी तळहात. मूलसारखी वर्तमानपत्राची सुरळी केली, तरी तळहात, फक्त बोटं जरा सैल. चिडून ताराबाईचा खराटा उचलला, तेव्हा सगळी रांग किंचाळत पांगली, कारण खराटा अंगाला लागला की माणूस वाळतो हे कोसंबटोल्यात लहान पोरालाही ठाऊक. शेवटी त्यांनी ताराबाईलाच वार करायला उभं केलं. तिने भाताचा मोठा चमचा कसाबसा उगारला, आणि दिव्यानीने असा झकास हात आणला की चमचा तिच्या खांद्यामागून घसरून मातीत पडला. ताराबाईचा वार सगळ्यांनी अडवला. हेडमास्तरांचाही, गुडघे सांभाळत केलेला, अडवला. ते दोघं पोरांना कधी मारत नसत.

आता गुरुजींना कळायला लागलं की घोडं पेंड खातंय ते कुठे. पण कळणं आणि कबूल करणं यांत अंतर असतं. त्यांनी स्वतःला समजावलं की हा धाक नव्हे, आदर आहे.

आठवड्याने डोमा शाळेत आला. अंगावर ओला गमछा, हातात शिंगाड्यांची पिशवी. "गुरुजी, पोरगी मनते का तुमी तिले तुमच्याच छडीले आडवं याले सांगून राह्यले."

"हो डोमाभाऊ. शासनाचं आहे. पोरीईले आपला बचाव करता आला पायजे."

"मास्तरपासून बचाव?" डोमा मोठ्याने हसला. मग त्याने गुरुजींचा चेहरा पाहिला. "नाई जी, तुमी सांगता त बरोबरच असन. मी सांगून देतो तिले. पण पोरगी भेवून राह्यली."

"कायले भेते?"

"ते नाई सांगत बाप्पा." त्याने शिंगाडे टेबलावर ठेवले आणि तो तळ्याकडे निघून गेला.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी दिव्यानी, आचल आणि डिंपल या तिघींना शाळा सुटल्यावर थांबवलं. मूलला याच तिघी जाणार होत्या. पुन्हा छडी, पुन्हा तीन तळहात. गुरुजी ओट्यावर बसले. त्यांनी आयुष्यात विद्यार्थ्यांपुढे हात टेकले नव्हते, ते आता टेकले.

"पोरींनो, उद्या अख्खा तालुका पाहीन. साहेब येतीन. तिथी हात असा पुढं केला त शाळेची इज्जत जाईन, माझी जाईन. हा माझा हुकूम आहे समजा. छडी आली का हात आडवा."

दिव्यानीने विचारलं, "आडवा केला, मंग?"

"मंग काय?"

"मंग पुढं कसं जी?"

गुरुजींच्या डोक्यात सकाळची बस, मुलींचे गणवेश, उद्याचा डबा अशा दहा गोष्टी होत्या. "पुढचं पुढं पाहू," ते म्हणाले. "उद्या तेवढा हात आडवा करा."

"हो जी," दिव्यानी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला नाही. पण एखाद्या गोष्टीचा निकाल लागल्यावर माणूस शांत होतो, तशी ती शांत झाली. गुरुजींना ते पुरेसं वाटलं.

मूलच्या मैदानावर मंडप घातला होता, लाऊडस्पीकर होता, खुर्च्यांवर साहेब लोक होते आणि बाजूला अजय शिट्टी गळ्यात घालून उभा होता. चौदा शाळा आल्या होत्या. बऱ्याचशा मास्तरांनी वार असा केला की माशी हाकलावी, आणि पोरांनी तो अडवला असा की माशी हाकलली जावी. टाळ्या मात्र सगळ्यांना सारख्याच. अजयचं तोंड आंबट झालं होतं. कोसंबटोल्याचं नाव पुकारलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

तिघी ओळीत उभ्या राहिल्या. गुरुजी दिव्यानीसमोर गेले. अजयने शिकवलं होतं की वार खरा करायचा, हात आला नाही तर कपाळाच्या वीतभर आधी थांबवायचा. त्यांनी छडी उगारली आणि खरी आणली.

दिव्यानीचा पाय मागे गेला. गुडघा वाकला. हात पोटासमोरून वर आला, मनगट फिरलं, टक्क असा आवाज झाला आणि छडी तिच्या हातावरून घसरून बाजूला गेली. मंडपात टाळ्या पडल्या. अजय "वा!" म्हणून ओरडला. गुरुजींचे डोळे भरून आले. बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

दिव्यानी एक पाऊल पुढे आली, मूळ जागेवर. तिने मूठ उघडली आणि उजवा तळहात पुढे केला. सरळ, बोटं जुळवून.

गुरुजींना आधी वाटलं, पोरगी गोंधळली. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ओठ मिटलेले, नजर छडीवर, खांदे जरासे आत ओढलेले. गणित चुकल्यावर असायचा तसाच चेहरा. काय करावं ते न सुचून ते आचलसमोर गेले आणि वार केला. तिने तो सुरेख अडवला, आणि तळहात पुढे केला. डिंपलनेही तसंच केलं. टाळ्या चालूच होत्या आणि तीन तळहात गुरुजींच्या पुढे उन्हात थांबले होते.

तालुक्याच्या साहेबांनी माईक ओढून घेतला. "अतिशय सुंदर! बघा, नुसता बचाव नाही. बचाव झाल्यावर गुरूपुढे हात पसरून नम्रता दाखवायची. ही आपली संस्कृती आहे. बाकीच्या शाळांनीही हे बसवावं अशी मी सूचना करतो. गुरुजी, इकडे या. या शेवटच्या भागाला काय म्हणतात?"

गुरुजी माईकपाशी गेले. खरं तर तोंड मिटून नुसतं हसले असते तरी भागलं असतं. प्रमाणपत्र टेबलावर तयार होतं आणि पुढच्या वर्षी चौदाही शाळांच्या पोरांनी वार अडवून हात पसरले असते. गुरुजी हसायचा विचार करत होते, हेही खरं. पण त्यांनी मागे वळून पाहिलं. डिंपल सगळ्यांत लहान होती. तिचा हात थकून थरथरायला लागला होता, आणि तो खाली जाऊ नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने कोपर धरलं होतं.

"साहेब, याला नाव नाही," गुरुजी म्हणाले. लाऊडस्पीकरमधून त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "माझ्या वर्गात नियम आहे. छडी चुकवली तर दोन जास्त. पोरींनी आत्ता माझी छडी चुकवली. त्या दोन घ्यायला उभ्या आहेत."

मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. त्यांना हा विनोद वाटला असावा. अजय मात्र हसला नाही. साहेबांनी माईक परत घेतला, घसा खाकरला आणि पुढच्या शाळेचं नाव वाचलं.

गुरुजी परत मैदानात आले. त्यांना लाज वाटत होती. लोकांची वाटत होती त्याहून जास्त या तिघींची वाटत होती. चोवीस वर्षांत किती हात असे पुढे आले, याचा अंदाज करायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. छडी अजून हातातच होती. ती खाली ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्यांनी ती पाठीमागे धरली.

"हात खाली घ्या," ते म्हणाले.

आचलने घेतला. डिंपलने घेतला आणि दंड चोळला. दिव्यानीने सगळ्यांत शेवटी घेतला. पुढच्या शाळेची पोरं धावत मैदानात येत होती, त्यांना वाट द्यायला ती बाजूला सरकली, तळहाताचा घाम स्कर्टला पुसला आणि गुरुजींजवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "मंग शाळेत गेल्यावर घ्याच्या का जी?"